आग उंबऱ्याबाहेर ठेवू या

मराठवाडा म्हटले की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, टँकर आठवतो आणि ऊन आठवते. आपल्याकडे थंडी पडते असे सांगितले तर तो हसतो. पण ज्यांनी डिसेंबर-जानेवारीची पहाट हिंगोलीत काढली आहे, त्यांना हसू येणार नाही. आपला जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण परभणीतच होतो आणि परभणीची थंडी ती आपलीच थंडी. परभणीच्या कृषी विद्यापीठात तापमानाची रोज नोंद होते. 2018 सालच्या डिसेंबरअखेर तिथला पारा पाच अंशांच्या खाली उतरला होता. एरवीही त्या दिवसांत पहाटे दहा अंशांच्या आसपास गारठा असतोच. मात्र त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीस अंश ऊन असते. दुपारी सदरा नकोसा होतो आणि पहाटे दात वाजतात. अशी आपली दुहेरी हवा आहे.

ही थंडी सगळ्यांना सारखी लागत नाही. पक्क्या भिंती, वर स्लॅब आणि खिडक्यांना काचा असलेल्या घरात ती बिचकत शिरते. पत्र्याच्या खोलीत ती सरळ घर करते. आणि आपल्या वस्त्यांतून पत्र्याची खोली नाही असे अंगण क्वचितच सापडेल. मूळ घरापासून चार पावलांवर गाडीसाठी, शेळ्यांसाठी किंवा सामानासाठी शेड टाकलेले असते. पुढे कुटुंब वाढते, जागा पुरत नाही आणि त्याच शेडमध्ये म्हाताऱ्या बापाची बाज पडते, नाहीतर पोरांचे दप्तर जाते. माणसासाठी न बांधलेल्या जागेत माणूस राहू लागतो. अशा खोलीत कमी खर्चात ऊब कशी आणावी, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण त्यात जिवाचाही प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वस्तीत एका गृहस्थाने आपल्या काळ्या-पिवळ्या जीपसाठी शेड बांधले होते. दहा फूट बाय पंधरा फूट. कमरेइतकी अर्ध्या विटेची भिंत, वर चहूबाजूंनी पत्रा, डोक्यावर नालीदार पत्रा आणि समोर दक्षिणेला जीप आत जाईल एवढा दोन पाखांचा पत्र्याचाच दरवाजा. धंदा बसला तेव्हा त्यांनी जीप विकली. शेड रिकामे राहिले. "लेकरांना अभ्यासाला घ्या," असे म्हणून त्यांनी स्वतः होऊन किल्ली दिली. भाडे मागितले नाही. आम्ही दोन ट्यूबलाइट लावल्या, सतरंज्या टाकल्या, जुनी चार टेबले आणली आणि अभ्यासिका सुरू झाली. कचेरीत हजेरीपट सांभाळण्याची सवय असल्यामुळे मी तिथेही एक वही ठेवली. कोण किती वाजता आले, किती वाजता गेले, याची नोंद मुलांनीच करायची.

ही वही मोठी बोलकी निघाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोज चौदा-पंधरा मुले-मुली येत. दिवाळीनंतर दहा झाली. डिसेंबरच्या मध्याला पाच. पहाटे तर दोघेच येत, तेही पोलीस भरतीची तयारी करणारे, धावून आल्यामुळे अंग तापलेले. मुलींची संख्या सर्वांत आधी घटली. एका मुलीला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, बोटं वाकेनात. लिहायचं कसं?"

आता पाहा, दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. म्हणजे थंडीचे दोन महिने हेच खऱ्या अभ्यासाचे दोन महिने. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असतो, पाहुणा असतो, लहान भावंड रडत असते. तिथून उठून मुलगी अभ्यासिकेत यावी म्हणून आपण जागा करून दिली आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत थंडीने तिला परत घरी पाठवले, तर त्या जागेचा उपयोग काय? श्रीमंताच्या मुलाचा अभ्यास हवामानावर अवलंबून नसतो. आपल्या मुलाचाही नसावा, असे मला वाटले.

मुलांनी आपल्या परीने उपाय काढलाच होता. एका संध्याकाळी मी कचेरीतून परस्पर अभ्यासिकेकडे गेलो. दरवाजा आतून लावलेला. फटींत कापड कोंबलेले. हाक मारली तर आतून उत्तर सुस्त आले. दार उघडल्यावर दिसले की मधोमध लोखंडी घमेले ठेवले आहे आणि त्यात पळाट्यांचे व कोळशाचे लालभडक इंगळ. धूर अजिबात नव्हता. खोली छान उबदार होती. पण चौघांपैकी एकाने टेबलावर डोके टेकले होते, दुसरा कपाळ दाबून बसला होता आणि तिसरा मळमळते म्हणत होता. त्यांना वाटत होते की अभ्यासाचा शीण आला आहे. मी आधी दोन्ही पाखे सताड उघडली, सर्वांना बाहेर मोकळ्यात बसवले आणि डोके टेकून बसलेल्या मुलाला दवाखान्यात नेले. तिथे त्याला ऑक्सिजन लावला. रात्री उशिरा तो ठीक होऊन घरी आला. अजून तासभर कुणी गेले नसते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. कोळसा, लाकूड, गवरी, काहीही जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस बाहेर तरी पळतो. हा वायू कशालाच झोंबत नाही. आपल्या रक्तातील ज्या द्रव्यावर बसून प्राणवायू शरीरभर फिरतो, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच राहत नाही. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, ग्लानी येते आणि हातापायांतले बळ जाते. म्हणजे धोका कळेपर्यंत उठून दार उघडण्याची ताकद उरत नाही. झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही. निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो निर्धोक, ही समजूत फार घातक आहे.

असे खेड्यातल्या अडाणी माणसालाच होते असे कुणी समजू नये. जानेवारी 2020 मध्ये केरळमधील आठ पर्यटक, त्यांत लहान मुलेही, नेपाळमध्ये दामन येथे एका हॉटेलच्या खोलीत उतरले होते. थंडी होती म्हणून गॅसचा हीटर लावून दारे-खिडक्या बंद करून ते झोपले. सकाळी कुणीच उठले नाही. शिकलेली, सवरलेली माणसे होती ती. वायू शिक्षण विचारत नाही. गाडीच्या शेडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंद शेडमध्ये मोटारसायकल किंवा ऑटो चालू करून ठेवला तरी धुरातून हाच वायू भरतो. इंजिन बाहेर काढूनच सुरू करावे.

मी हे वस्तीत सांगू लागलो तेव्हा एका आजीने मला चांगलेच धरले. "आम्ही जन्मभर चुलीपाशी झोपलो की रे भाऊ. आम्हाला कामून काही झालं नाही? आता लेकरं कुडकुडायलेत अन् तू आग आत नेऊ देईना!" आजीचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तिच्या जुन्या घरातच आहे. ते घर कुडाचे होते, वर गवताचे छप्पर होते. कुडाच्या फटींतून आणि छपरातून वायू निघून जाई, बाहेरची हवा आत येई. आताचे शेड पत्र्याचे, त्यावर प्लास्टिक, फटींत कापड. तिथे जाणाऱ्याला वाट नाही आणि येणाऱ्यालाही नाही. आजीने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मंग आगटी अंगणातच बरी." हाच आमचा पहिला नियम झाला. आग उंबऱ्याबाहेर.

मग काहींनी विजेचा हीटर सुचवला. हिशेब हा माझा धंदा, म्हणून मी तो कागदावर मांडला. एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट जळते. बाजारातला दोन कांड्यांचा हीटर दोन हजार वॅटचा असतो. संध्याकाळी चार तास आणि पहाटे दोन तास, म्हणजे दिवसाला बारा युनिटे. महिन्याला तीनशे साठ. दोन महिन्यांत सातशे वीस. घरगुती मीटरवर शंभर युनिटांच्या पुढे दराची पायरी चढते आणि तीनशेच्या पुढे आणखी चढते. ज्या घराचे बिल एरवी शंभर युनिटांच्या आत असते, त्याने हा भार कसा उचलायचा? शिवाय दोन हजार वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर वीज लागते. घरातून बारीक वायर ओढून शेडमध्ये नेलेल्या साध्या बटणावर तो लावला तर वायर तापून वितळते. पत्र्याच्या खोलीत उघडी वायर म्हणजे सगळ्या भिंतींत करंट. आणि इतके करूनही ऊब टिकेना, कारण छताचा पत्रा ती तितक्याच वेगाने बाहेर टाकतो. गळक्या रांजणात पाणी ओतावे तसा तो प्रकार आहे. म्हणून आधी रांजण लिंपावा, असे आम्ही ठरवले.

गळती सर्वांत मोठी कुठे आहे? डोक्यावर. गरम हवा हलकी असते, ती वर जाते आणि पत्र्याला लागते. पत्रा पातळ, धातूचा. शिवाय आभाळ निरभ्र असले की रात्री पत्रा आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणूनच ढगाळ रात्री थंडी कमी वाटते. पहाटे पत्र्याच्या आतून जे थेंब टपकतात ते पाऊस नव्हे. आपल्याच श्वासातली वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन परत आपल्या वहीवर पडते.

तेव्हा पत्र्याखाली दुसरे छत करणे हे पहिले काम. आम्ही मोंढ्यातल्या आडतीवरून फाटकी तागाची पोती गोळा केली. हळद, सोयाबीन, तूर यांच्या उलाढालीमुळे आपल्याकडे जुन्या बारदानाला तोटा नाही. ती झटकून तीन दिवस उन्हात टाकली. वस्तीतल्या बायांनी दाभण आणि सुतळी घेऊन ती दुहेरी शिवली, मध्ये जुन्या साड्यांचा थर घातला. भिंतीच्या अँगलला आडव्या तारा ताणून हे छत पत्र्यापासून वीतभर खाली बांधले. पोत्यात ऊब नसते. पोत्यांच्या थरांत आणि वरच्या वीतभर पोकळीत जी हवा अडकून स्थिर राहते, ती ऊब अडवते. पोकळीची दोन टोके मात्र बाहेरच्या बाजूला थोडी उघडी ठेवली, म्हणजे ओल कोंडून पोत्यांना बुरशी येत नाही. हे छत उन्हाळ्यातही कामाला येते. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची झळ तेच अडवते. एकदाचे काम, दोन ऋतूंचा आराम.

दुसरे काम वाऱ्याचे. नालीदार पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक नालीखाली एक भोक राहते. पंधरा फुटांच्या भिंतीवर अशी किती भोके होतात ते मोजून पाहा. आम्ही ती माती, शेण आणि भुस्कट कालवून बुजवली. दाराखालच्या फटीसाठी पोत्याची लांब नळी शिवून तिच्यात वाळू भरली. ती दाराला आतून लोटून ठेवली की वारा बंद. उत्तरेच्या बाजूला बाहेरून फ्लेक्स ताणला. वाढदिवस आणि निवडणुका यांमुळे गावात जुन्या फ्लेक्सची कमतरता नाही. नेत्यांनी निदान वारा तरी अडवावा! मात्र महापुरुषांची चित्रे असलेले फ्लेक्स या कामाला कुणी घेऊ नयेत. आणि सर्व फटी बुजवतानाच वरच्या अंगाला, समोरासमोरच्या दोन भिंतींत, तळहाताएवढे एकेक भोक मुद्दाम मोकळे ठेवावे. दहा माणसे जिथे श्वास घेतात तिथे हवा खेळलीच पाहिजे.

तिसरे काम जमिनीचे. गार फरशीवर सतरंजी टाकून बसले की थंडी खालून चढते. आम्ही वाळलेला कडबा बारीक करून पोत्यांत भरला, ती पोती दाबून सपाट केली आणि वर सतरंजी टाकली. टेबलावर बसणाऱ्यांच्या पायांखाली पुठ्ठ्याचे खोके उलगडून अंथरले. किराणा दुकानातून ते फुकट मिळतात. पंधरा दिवसांतून एकदा ही पोती उन्हात टाकायची आणि खालची जागा झाडायची, हा नेम पाळावा लागतो. नाहीतर उंदीर घर करतात, आणि उंदरामागे काय येते ते आपल्याला माहीत आहे.

चौथी युक्ती मला सर्वांत आवडली, कारण ती आपल्या दुहेरी हवेचाच फायदा घेते. दुपारचे ऊन फुकट आहे. ते रात्रीसाठी साठवता आले तर? पाणी उष्णता धरून ठेवण्यात फार चिवट आहे. पाणीटंचाईमुळे आपल्या घरोघरी दोनशे लिटरचे निळे ड्रम असतातच. तसे दोन ड्रम भरून, घट्ट झाकण लावून, दक्षिणेच्या दारातून ऊन पडेल अशा जागी आम्ही ठेवले आणि वर काळे कापड गुंडाळले. सकाळी दहाला दार सताड उघडायचे, चारच्या सुमारास ऊन कलले की लावून घ्यायचे. एक लिटर पाणी एक अंशाने उतरले तर 4.2 किलोज्यूल उष्णता बाहेर देते. दोनशे लिटर पाणी रात्रभरात आठ अंशांनी उतरले तर 6720 किलोज्यूल. एका युनिटात 3600 किलोज्यूल असतात. म्हणजे एका ड्रममधून सुमारे 1.9 युनिटे आणि दोन्हींतून जवळजवळ पावणेचार युनिटे ऊब रोज रात्री खोलीला मिळते. बिल शून्य. झाकण मात्र कायम घट्ट असावे. उघड्या ड्रममध्ये डास होतात आणि लहान मूल डोकावण्याचाही धोका असतो.

आता सर्वांत जवळची शेगडी सांगतो. ती म्हणजे आपले शरीर. बसलेला मोठा माणूस साधारण शंभर वॅटइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. दहा जण एका खोलीत बसले की एक हजार वॅटचा हीटर फुकट चालू झाला. पण ही ऊब पांघरुणाने जवळ धरावी लागते. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर जास्त ऊब राहते, कारण मधल्या थरांत हवा अडकते. आपल्या मायमाउल्यांची वाकळ याच तत्त्वावर शिवलेली असते. जुन्या लुगड्यांचे सहा-सात थर आणि त्यांवर जवळजवळ धावदोरा.

विनयपिटकातील एक प्रसंग इथे आठवतो. वैशालीजवळ गोतमक चैत्यापाशी भगवान बुद्ध ऐन कडाक्याच्या थंडीत उघड्यावर बसले. आधी अंगावर एकच चीवर घेतले. रात्रीचा पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली तेव्हा दुसरे घेतले, मध्यरात्र सरल्यावर तिसरे आणि पहाटे चौथे. त्या अनुभवावरून त्यांनी भिक्खूंना तीन चीवरे ठरवून दिली, त्यांतली वरची संघाटी दुहेरी. नियम करण्याआधी स्वतःच्या अंगावर थंडी घेऊन मोजमाप केले. अंदाजाने बोलण्यापेक्षा करून पाहावे, हा धडा मला त्यात दिसतो.

एवढे करूनही पाय गार पडतात आणि बोटे आखडतात. त्यासाठी सगळी खोली तापवण्याची गरज नाही. जिथे थंडी लागते तिथेच ऊब द्यावी. जपानमध्ये बुटक्या टेबलावर रजई टाकून तिच्याखाली हीटर ठेवतात आणि घरातली सगळी माणसे तिच्यात पाय घालून बसतात. त्याला कोतात्सू म्हणतात. काश्मिरी माणूस फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतो. पण तिने अंग भाजते, म्हणून ती आपल्या कामाची नाही. आपली युक्ती जुनीच आहे. अंगणातल्या आगटीच्या कडेला विटा तापत ठेवायच्या, हाताला सोसेल इतक्या निवल्या की पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून पायांखाली घ्यायच्या. तीनेक किलोची वीट बराच वेळ ऊब सोडते. दुसरा उपाय गरम पाण्याचा. स्टीलच्या किंवा रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून मोज्यात घालावे आणि मांडीवर नाहीतर पायाशी ठेवावे. साठ अंशांवरून तीसवर येईतो ते जी उष्णता देते ती युनिटाच्या सात शतांशाइतकी आहे, पण सगळी आपल्यालाच मिळते. उकळते पाणी मात्र भरू नये. म्हाताऱ्यांना आणि मधुमेह असलेल्यांना भाजलेले लवकर कळत नाही.

या सगळ्याचा खर्च लोकांना खरा वाटत नाही, म्हणून वहीतून सांगतो. तार, सुतळी, दाभण, वाळू आणि हमाली मिळून अकराशे रुपयांच्या आत काम झाले. बाकी सगळे लोकांच्या घरातले जुने सामान आणि दोन रविवारची मेहनत. भिंतीवर एक साधा तापमापक लावला. पूर्वी पहाटे पाच वाजता बाहेर नऊ असेल तर आत दहा दिसत. काम झाल्यावर बाहेर नऊ असताना आत पंधरा दिसू लागले. पंधरा अंश म्हणजे काही मऊ ऊब नव्हे, पण वाकळ पांघरून लिहिता येते. हजेरीच्या वहीत जानेवारीच्या शेवटी पुन्हा तेरा नावे होती आणि त्यांत सहा मुली. ही सहा नावे माझ्या लेखी त्या तापमापकापेक्षा मोठी आहेत.

दोन सूचना सुरक्षिततेच्या. पोती, कडबा, फ्लेक्स हे सगळे पेट घेणारे आहे. त्या खोलीत विडी-काडी, मेणबत्ती, अगरबत्ती, पेट्रोलचा डबा काहीही नको. वायरिंग माहीतगार माणसाकडून पाइपातून करून घ्यावे आणि दाराशी वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात. दुसरी सूचना दगडांची. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून त्यावर धोंडे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. 21 मार्च 2024 रोजी हिंगोली, नांदेड, परभणी भागात भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा पत्र्यावरचे दगड काढून ठेवा, असे आवाहन प्रशासनाने केले होते. छताचे काम करताना दगड उतरवा आणि पत्रा हुकांनी व नटबोल्टांनी अँगलला आवळून घ्या.

हे काम करायचे तर थंडी पडल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्यानंतरचे दोन रविवार प्रत्येक वस्तीतील मंडळाने आणि महिला मंडळाने यासाठी राखून ठेवावेत. अभ्यासिका असेल तर ती आधी, नंतर ज्या घरातला वृद्ध माणूस वेगळ्या शेडमध्ये झोपतो ते घर. तरुणांनी तारा ओढाव्यात, बायांनी शिवावे आणि मुलांनी फटी बुजवाव्यात. सामान गोळा करणाऱ्याने जमाखर्च लिहून सर्वांना वाचून दाखवावा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मदत मिळते.

आणि आज रात्री झोपण्यापूर्वी एवढे तरी करा. आपल्या घरात, शेजारी, भाऊबंदांत जिथे कुणी बंद खोलीत झोपते, तिथे जाऊन पाहा की आत घमेले किंवा शेगडी तर नाही ना. असेल तर उचलून बाहेर ठेवा आणि तिच्या बदल्यात एक वाकळ आत द्या. आतल्या माणसाचे डोके दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्याला झोपू देऊ नका. दार उघडा, मोकळ्या हवेत आणा, 108 क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा आणि शेगडी आत होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते सांगितले तर उपचार लवकर सुरू होतात. थंडीची एक रात्र कशीही निघते. घरातले माणूस मात्र सकाळी उठले पाहिजे.